हर्नांडेझचा चंद्र आणि झोन सिस्टिम: अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या पद्धतीने कृष्णधवल निगेटिव्ह व प्रिंट

१ नोव्हेंबर १९४१ची संध्याकाळ, अमेरिकेतलं न्यू मेक्सिको राज्य. चामा नदीच्या खोऱ्यातून सांता फेकडे परतताना अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांना रस्त्यालगत हर्नांडेझ हे छोटंसं गाव दिसलं. समोर डोंगररांगेवर चंद्र वर आलेला, आणि पाठीमागून मावळतीचा उजेड कबरींच्या पांढऱ्या क्रुसांवर पडलेला. ८ बाय १० इंची कॅमेरा घाईघाईने ट्रायपॉडवर चढला, पण एक्स्पोजर मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, काही सापडेना. चंद्राची तेजस्विता चौरस फुटाला २५० कँडल असते, हा आकडा मात्र त्यांना पाठ होता. तेवढ्यावरून त्यांनी हिशेब केला आणि लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ ३२ वर ठेवून (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) १ सेकंद शटर उघडलं. दुसरी फिल्म लावेपर्यंत क्रुसांवरचा उजेड गेला होता. निगेटिव्ह एकच मिळाली.

या हिशेबात कुठलीही जादू नाही. मॅन्युअल कॅमेरा, कृष्णधवल फिल्म आणि दोन-तीन शनिवार-रविवार एवढी तयारी असेल, तर कोणालाही तो शिकता येतो. आधी तोच हिशेब उलगडू, मग स्वतःच्या फिल्मसाठी तो कसा बसवायचा ते पाहू.

एका आकड्यावरून एक्स्पोजर

झोन सिस्टिममध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे टोन ० ते १० अशा ११ पायऱ्यांत मांडतात. लगतच्या दोन पायऱ्यांत एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा फरक असतो. चंद्र उजळ दिसावा, पण त्याचा नुसता पांढरा ठिपका होऊ नये, म्हणून अ‍ॅडम्स यांनी तो झोन ७ वर ठेवला. झोन ७ म्हणजे मधल्या करड्यापेक्षा, झोन ५ पेक्षा, दोन स्टॉप वर. २५० ला दोनदा निम्मं केलं की साधारण ६० येतात. म्हणजे या फोटोत ६० कँडलचा पृष्ठभाग मधला करडा येणार.

पुढची युक्ती पाठ करण्यासारखी आहे. फिल्मच्या स्पीडचं, म्हणजे तिच्या उजेडाला दाद देण्याच्या आकड्याचं, वर्गमूळ काढा, ते तुमचं अ‍ॅपर्चर. झोन ५ ची तेजस्विता कँडलमध्ये घ्या, ती शटरच्या छेदात ठेवा. फिल्मचा स्पीड ६४ होता, म्हणून एफ ८ आणि १/६० सेकंद. लेन्सवर गडद पिवळा १५ नंबरचा फिल्टर होता, त्याचा फॅक्टर ३, म्हणजे वेळ तिप्पट लागते, म्हणून १/२० सेकंद. एफ ८ वरून एफ ३२ वर जायला चार स्टॉप, म्हणजे १६ पट वेळ लागते: १६/२०, जवळपास १ सेकंद. स्वतः कागदावर एकदा करून पाहा. हा हिशेब हाताखालून गेला की मीटरचा आकडा परका वाटत नाही.

अग्रभागातली झुडपं आणि घरं या एक्स्पोजरमध्ये फार कमी उजेडात अडकणार, हे त्यांना कळत होतं. ती उणीव त्यांनी डेव्हलपिंगमध्ये आणि नंतर प्रिंटमध्ये भरून काढली. त्याकडे पुढे येऊच.

आधी प्रिंट, मग शटर

अ‍ॅडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. १९१६ मध्ये योसेमिटी खोऱ्यात कोडॅकचा बॉक्स ब्राउनी हाती आला, तरी पुढची बरीच वर्षं त्यांचा ध्यास पियानोवादक होण्याचा होता. फोटोग्राफीतलं वळण आलं १० एप्रिल १९२७ ला. हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर ते पोहोचले तेव्हा काचेच्या दोनच प्लेट शिल्लक होत्या. पहिली त्यांनी पिवळ्या फिल्टरने घेतली. मग लक्षात आलं की आकाश फिकट करडं येईल आणि कड्याचा दरारा निघून जाईल. शेवटच्या प्लेटला २९ नंबरचा गडद लाल फिल्टर लावला, त्याच्या १६ च्या फॅक्टरनुसार वेळ वाढवली, आणि आकाश जवळजवळ काळं आलं. डोळ्यांना दिसलं ते नव्हे, तर मनात उमटलं ते प्रिंटवर आणायचं, आणि ते शटर दाबण्याआधी ठरवायचं. त्यांची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

झोन सिस्टिमची मांडणी त्यांनी फ्रेड आर्चर यांच्यासोबत लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना, १९४० च्या आसपास केली. ही विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बनलेली गोष्ट आहे, म्हणून ती शिकता येते.

झोन असे ओळखा. ० म्हणजे कागदाचा पूर्ण काळा. १ मध्ये काळ्यापेक्षा किंचित वेगळं काहीतरी आहे, पण पोत नाही. २ मध्ये पोताची चाहूल लागते. ३ हा सगळ्यात कामाचा: गडद सावली, तरी आतला तपशील स्पष्ट. ४ म्हणजे उन्हातल्या दृश्यातली मोकळी सावली. ५ म्हणजे १८ टक्के करडा. ७ म्हणजे पोत दिसणारा उजळ भाग, धुतलेल्या धोतराच्या चुण्या दिसाव्यात तसा. ८ मध्ये पांढरेपणा जास्त, पोत अगदी पुसट. ९ आणि १० म्हणजे कोरा कागद. त्वचेसाठी पाश्चात्त्य पुस्तकांत झोन ६ लिहिलेला आढळतो, तो उन्हातल्या गोऱ्या त्वचेचा. गव्हाळ चेहरा ५ वर आणि सावळा ४ ते साडेचारवर ठेवा. सावळा चेहरा झोन ६ वर ढकलला की त्याचं तेज जातं आणि तो राखेसारखा दिसतो. ही चूक आपल्याकडे फार होते.

मोजण्याची रीत

१ अंशाचा, म्हणजे दृश्यातली छोटीशी जागाच मोजणारा, स्पॉट मीटर असेल तर उत्तम. नसेल तर कॅमेऱ्यातलं स्पॉट मीटरिंग चालतं. तेही नसेल तर वस्तूजवळ जाऊन, स्वतःची सावली पडू न देता मोजा. मीटर कुठेही रोखा, तो त्या जागेला झोन ५ करणारं एक्स्पोजर सांगतो. काळा बसाल्ट असो की चुन्याची भिंत, त्याला दोन्ही करडेच.

१. जिथे तपशील हवाच आहे अशी सगळ्यात गडद जागा शोधा आणि मोजा. समजा मीटर म्हणाला एफ १६ वर १/१५.

२. ती जागा झोन ३ वर हवी, म्हणून दोन स्टॉप कमी करा: एफ १६ वर १/६०. हे तुमचं एक्स्पोजर. आता यात बदल करायचा नाही.

३. पोत हवा अशी सगळ्यात उजळ जागा मोजा. समजा आलं एफ १६ वर १/१०००. १/६० पासून वर मोजत जा: १/१२५ झोन ६, १/२५० झोन ७, १/५०० झोन ८, १/१००० झोन ९. उजळ जागा ९ वर पडते आहे.

४. ती ८ वर हवी असेल तर डेव्हलपिंग नेहमीपेक्षा (नेहमीचं ते एन) एक पायरी कमी, म्हणजे एन-१. पोतासकट ७ वर हवी असेल तर एन-२. उलट ती ६ वरच पडत असेल आणि ७ वर हवी असेल तर एन+१.

सावली एक्स्पोजरने ठरते आणि उजळ भाग डेव्हलपिंगने. कारण असं, की सावलीच्या भागात उजेड लागलेली चांदी थोडीच असते. ती डेव्हलपरमध्ये लवकर तयार होते आणि मग तिथे फारसं काही घडत नाही. उजळ भागाची घनता मात्र वेळेबरोबर वाढत राहते. म्हणून कमी एक्स्पोज झालेल्या सावलीचा तपशील डेव्हलपिंग वाढवून परत येत नाही.

सावली लांबून मोजताना फसगत होते. आजूबाजूचं चकचकीत आकाश मीटरच्या लेन्समध्ये सांडतं आणि सावली आहे त्यापेक्षा उजळ दाखवतं. देवळाचा गाभारा बाहेर उन्हात उभं राहून मोजला, तर निगेटिव्ह तिथे रिकामी येणार. मीटरवर हाताचा आडोसा धरा, नाहीतर आत जाऊन मोजा. १ सेकंदापेक्षा लांब एक्स्पोजर असेल, तर फिल्म उजेडाला पूर्ण दाद देत नाही: मीटरने १० सेकंद सांगितले तर इलफर्डच्या एफपी४ प्लस फिल्मला १८ आणि एचपी५ प्लसला २० सेकंद द्या.

सरावासाठी सह्याद्रीत दोन टोकाची दृश्यं सहज मिळतात. भर उन्हातलं पांढरं देऊळ आणि त्याचा काळोखा गाभारा हा एन-२ चा धडा. पावसाळी धुक्यातली ओली कातळभिंत बहुतेकदा तीनच झोनमध्ये मावते, तिथे एन+१ शिका.

तुमची फिल्म, तुमचा डेव्हलपर: चाचणी

डब्यावरचा आयएसओ, म्हणजे स्पीडचा आकडा, प्रयोगशाळेचा असतो. तुमचा मीटर, शटर, पाणी आणि टाकी हलवायची सवय यांचा आकडा वेगळा निघतो. एक रोल खर्च करा. तो वाया जात नाही.

ढगाळ दिवशी किंवा सावलीत, एकसारखा उजेड असलेली साधी भिंत निवडा. लेन्स अनंतावर फोकस करा म्हणजे भिंतीचा पोत येणार नाही. एचपी५ असेल तर मीटरवर आयएसओ ४०० लावा, भिंत मोजा आणि चार स्टॉप कमी करून फ्रेम घ्या. ही झोन १ ची फ्रेम. मग ३२०, २५०, २०० आणि १६० वर हेच करा. एक फ्रेम लेन्सवर टोपी ठेवून कोरी सोडा. प्रत्येक आयएसओला तीन स्टॉप वाढवून झोन ८ ची एकेक फ्रेमही घ्या.

डेव्हलपरला डी-७६ किंवा आयडी-११ घ्या, पाण्यात एकास एक, २० अंश सेल्सिअसला. एफपी४ प्लससाठी ११ मिनिटं, एचपी५ प्लससाठी १३ मिनिटं. पहिल्या १० सेकंदांत टाकी चार वेळा उलटसुलट करा आणि नंतर दर मिनिटाच्या सुरुवातीला तसंच. रॅपिड फिक्सर १+४ मध्ये ३ ते ५ मिनिटं.

घनता मोजणारा डेन्सिटोमीटर असेल तर कोऱ्या फिल्मपेक्षा ०.१ जास्त घनता असलेली झोन १ ची फ्रेम शोधा. नसेल तर एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचं यंत्र, पुरतो. कोरी फ्रेम लावा, ग्रेड २ च्या (मध्यम कॉन्ट्रास्टच्या) कागदावर ३-३ सेकंदांची पट्टी काढा आणि पुढच्या पायरीशी फरक दिसेनासा होतो अशी पहिली काळी पायरी शोधा. ती तुमची ठरलेली वेळ. एन्लार्जरची उंची आणि अ‍ॅपर्चर न हलवता त्याच वेळेवर झोन १ च्या फ्रेम प्रिंट करा. काळ्यापेक्षा जेमतेम वेगळी दिसणारी फ्रेम ज्या आयएसओवर घेतली, तो तुमचा खरा स्पीड. तो बहुधा डब्यापेक्षा कमीच निघतो. एचपी५ ला २५० किंवा २०० आला तर दचकू नका.

आता त्याच स्पीडची झोन ८ ची फ्रेम त्याच वेळेवर प्रिंट करा. कागदाच्या पांढऱ्यापेक्षा हलकासा टोन हवा. कोरा पांढरा आला तर डेव्हलपिंग १० ते १५ टक्क्यांनी कमी करा, करडा आला तर तेवढंच वाढवा आणि पुन्हा तपासा. जी वेळ बसली ती तुमची एन. एन-१ साठी २० ते २५ टक्के कमी आणि एन+१ साठी ३० ते ४० टक्के जास्त, इथून सुरुवात करा. डेव्हलपिंग ५ मिनिटांच्या खाली नेऊ नका, कारण इतक्या कमी वेळात ओतण्या-काढण्यातला फरकही आकाशात पट्ट्या होऊन दिसतो. वेळ फार कमी होत असेल तर डेव्हलपर पातळ करा.

३५ मिमी किंवा १२० च्या रोलवर सगळ्या फ्रेमना एकच डेव्हलपिंग मिळतं. अ‍ॅडम्स यांनी नंतरच्या काळात हॅसलब्लाड कॅमेरा वापरला, तेव्हा एन, एन-१ असे फिल्मचे वेगळे मॅगझिन (काढता-घालता येणारे डबे) ठेवण्याची रीत त्यांनी सांगितली. एकच कॅमेरा असेल तर एका रोलवर एकाच प्रकारचा उजेड घ्या, किंवा सावलीला पुरेसं एक्स्पोजर देऊन बाकीचं कागदाच्या ग्रेडवर सोडा.

आपल्या नळाचं पाणी

परदेशी तक्ते २० अंशांवर थांबतात. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ३० च्या वर असतं. आदल्या रात्री पाणी भरून फ्रीजमध्ये ठेवा, मोठ्या घमेल्यात बर्फाच्या पाण्यात सगळ्या बाटल्या उभ्या करा. २० जमतच नसेल तर २४ अंश धरा, मग ११ मिनिटांऐवजी पावणेआठ ते आठ मिनिटं. महत्त्वाचं असं, की फिक्सर आणि धुण्याचं पाणीही डेव्हलपरच्या दोन-तीन अंशांतच असायला हवं. थंड डेव्हलपरनंतर कोमट पाणी लागलं की इमल्शन सुरकुततं, आणि त्याला इलाज नाही. बोअरच्या जड पाण्याचे डाग निगेटिव्हवर राहतात, म्हणून शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यात, वेटिंग एजंटचे थोडे थेंब टाकून. पावसाळ्यात निगेटिव्ह आणि लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या बंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. कोकणात आणि मुंबईत बुरशी एका मोसमातही धरते.

हर्नांडेझच्या फिल्मसाठी अ‍ॅडम्स यांनी डी-२३ हा डेव्हलपर वापरला. तो घरी बनतो. ५० अंशांच्या आसपास गरम असलेलं ७५० मिली पाणी घ्या. त्यात आधी चिमूटभर सोडियम सल्फाइट, मग ७.५ ग्रॅम मेटॉल पूर्ण विरघळवा, मग उरलेलं सल्फाइट टाका. सल्फाइट एकूण १०० ग्रॅम लागतं. पाणी घालून १ लिटर करा. क्रम चुकला, सगळं सल्फाइट आधी टाकलं, की मेटॉल विरघळत नाही. दुकानात नाव स्पष्ट सांगा: सल्फाइट, निर्जल. सल्फेट किंवा बायसल्फाइट घरी आलं तर डेव्हलपर चालणार नाही. मेटॉलने काहींच्या कातडीला पुरळ येतो, हातमोजे घाला.

त्यांनी फिल्म ३० सेकंद डेव्हलपरमध्ये आणि २ मिनिटं न हलवता साध्या पाण्यात, असं दहा वेळा केलं. पाण्यात असताना उजळ भागातला डेव्हलपर लवकर संपतो आणि तिथलं काम थांबतं, सावलीतला मात्र चालू राहतो. आजच्या फिल्मचं इमल्शन पातळ आहे. ते डेव्हलपर फारसा शोषून घेत नाही, म्हणून ही रीत आता नीट चालत नाही. त्याऐवजी डी-२३ मध्ये ४-५ मिनिटं, आणि मधे न धुता लिटरला १० ग्रॅम बोरॅक्स घातलेल्या पाण्यात ३ मिनिटं. गाभाऱ्यासारख्या दृश्यांना हे फार छान जमतं.

प्रिंट

निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे वादन, ही तुलना अ‍ॅडम्स यांची, पियानोवर हात बसलेल्या माणसाची. आपल्याला ती बंदिश आणि मैफल म्हटल्यावर लगेच पटते: बंदिश तीच, मांडणी दर वेळी नवी. हर्नांडेझच्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांचे पुसट पट्टे दिसतात. पुढच्या दशकांत त्यांनी आकाश गडद करत नेलं, अगदी जवळजवळ काळं होईपर्यंत. १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हचा खालचा, गावाचा भाग कोडॅकच्या आयएन-५ इंटेन्सिफायरमध्ये बुडवून दाट केला. इतक्या मोलाच्या एकुलत्या एका निगेटिव्हवर त्यांनी हे केलं, यातच प्रिंट त्यांना किती महत्त्वाचा वाटत होता ते दिसतं.

कामाचा क्रम असा ठेवा. ग्रेड २ वर टेस्ट स्ट्रिप काढा आणि उजळ भाग बरोबर येईल ती वेळ निवडा. मग काळा पाहा: फिका असेल तर ग्रेड वाढवा, बंद झाला असेल तर कमी करा. फायबर कागदाला डेव्हलपरमध्ये पूर्ण २ मिनिटं द्या. लवकर उचललेल्या प्रिंटचा काळा मळकट राहतो. सरळ प्रिंट सुकल्यावर त्यावरच पेन्सिलने बर्निंग-डॉजिंगचा, म्हणजे कुठे जादा उजेड द्यायचा आणि कुठे झाकायचं याचा, नकाशा काढा: आकाशाला वरून खाली ८ सेकंद, डाव्या कोपऱ्याला ४, चेहरा २ सेकंद झाकायचा. पुठ्ठा सतत हलता ठेवा, नाहीतर कडा उमटते. बर्निंग थोडं थोडं करत न्या. एकदम मोठा डोस दिला की डोंगरमाथाही काळवंडतो.

ओला प्रिंट नेहमी जास्त खुललेला दिसतो. फायबर कागद सुकल्यावर उजळ भाग मिटतात, म्हणून शेवटच्या एक्स्पोजरमध्ये ५ ते १० टक्के कमी करा. अ‍ॅडम्स टेस्ट प्रिंट मायक्रोवेव्हमध्ये सुकवून बघत. तुम्ही तसं करणार असाल तर स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह वापरू नका. शेवटी सेलेनियम टोनर १:२० च्या आसपास, हातमोजे घालून आणि हवा खेळती ठेवून. त्याने काळा खोल होतो आणि चांदी टिकते. फिक्सर नीट धुतला नसेल तर टोनरमध्ये पिवळे डाग पडतात, ते जात नाहीत.

डिजिटल वापरणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे उलटं करा. उजळ भाग कापला गेला की परत येत नाही, म्हणून तो मोजून झोन ७ किंवा ८ वर ठेवा आणि सावली रॉ फाइलमधून वर आणा.

किती प्रिंट दाखवायचे

अ‍ॅडम्स यांच्या १९२७ च्या पहिल्या पोर्टफोलिओत १८ प्रिंट होते. आजही पहिल्या संचाला १५ ते २० पुरतात, एकाच कागदावर, एकाच मापात. पोटापाण्यासाठी ते अनेक वर्षं व्यावसायिक कामं करत राहिले. अमेरिकेचं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम १९८० मध्ये आणि हॅसलब्लाड पुरस्कार १९८१ मध्ये मिळाला, म्हणजे हर्नांडेझनंतर चाळीस वर्षांनी. त्याआधीच, १९७५ अखेर, त्यांनी प्रिंटच्या नव्या ऑर्डर घेणं बंद केलं होतं. त्यांचा संग्रह अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन इथे सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफीमध्ये आहे.

वहीतली नोंद

एका बाबतीत मात्र त्यांचं अनुकरण करू नका. हर्नांडेझच्या फोटोची तारीख त्यांनी लिहून ठेवली नव्हती, आणि वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं वर्ष छापलं गेलं. चंद्राच्या आकाशातल्या जागेवरून खगोल अभ्यासकांना ती काढावी लागली. तुमच्या फोटोत चंद्र असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक फ्रेमला एक ओळ, जागेवरच, पेन्सिलने लिहा, म्हणजे पावसातही पुसली जात नाही: तारीख, वेळ, ठिकाण, फिल्म आणि तुमचा स्पीड, गडद जागेचं मोजमाप आणि तिचा झोन, उजळ जागेचं मोजमाप आणि ती कुठे पडली, फिल्टर व त्याचा फॅक्टर, अ‍ॅपर्चर, शटर, एन, एन-१ की एन+१. डार्करूममध्ये त्याच ओळीपुढे डेव्हलपर, प्रमाण, तापमान आणि मिनिटं, आणि प्रिंट जमला की त्याचा ग्रेड, सेकंद आणि बर्निंगचा नकाशा. बरोबर प्रिंट कसा मनात होता, तेही दोन शब्दांत लिहा.